कुणाला आढळलं?

जेवणानंतर डोळा लागणं हा काही गुन्हा नाही. पण थोड्याच वेळात सभागृहात उभं राहून बोलायचं असेल तर त्यात धोका असतो. शाल्मली केंजळे विभागाच्या खोलीत लॅपटॉपसमोर हातांवर डोकं टेकवते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. वर पंखा कुरकुरतोय. विद्यापीठानं पदवीच्या मुलांसाठी चालवलेल्या नेतृत्व आणि संशोधन उपक्रमात ती गटप्रमुख आहे, आणि गटप्रमुखानं घोरू नये एवढं तिला पेंगतानाही कळतं.

पापण्या मिटतात, तरी पडद्यावरचं वाक्य दिसतच राहतं. ‘जांभळमाळ येथील मुलींचे शिक्षण दहावीनंतर थांबण्यास घरच्यांचा विरोध कारणीभूत असल्याचे आढळून आले.’ वाक्य कसं झोकात उभं आहे. अडचण एवढीच, की जांभळमाळला गटातलं कुणी गेलेलंच नाही. गाडी चिखलात रुतली, उशीर झाला, आणि खालच्या गावात चहाच्या टपरीवर चार बाप्यांना विचारून सगळे परत फिरले. बाकीच्या वस्त्यांमधल्या मुलींनी सांगितलं, एसटी नाही म्हणून शाळा सुटली. आज एसटीचे अधिकारी ऐकायला येणार आहेत, आणि कुठल्या वस्तीला गाडी द्यायची ते यावरून ठरणार आहे. या एका वाक्यानं जांभळमाळचं नाव कटणार, हे शाल्मलीला पक्कं ठाऊक आहे.

“कुणाला आढळलं?”

समोरच्या खुर्चीत धायगुडे सर बसलेत. हा उपक्रम त्यांनीच सुरू केला. दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. शोकसभेत फोटोला हार शाल्मलीनंच घातला होता. आता तोच बिनबाह्यांचा स्वेटर, आणि हातात तीच लवंगांची डबी. सरावाच्या भाषणात कुणी ‘आढळून आले’ म्हणालं की सर हटकून विचारायचे, कुणाला? मुलं माघारी त्यांना ‘कुणाला सर’च म्हणायची. धड उत्तर देणाऱ्याला डबीतली लवंग मिळायची, वर सूचनाही मिळायची: चावायची नाही, गालात धरायची.

“सर, तुम्ही...” ती खुर्चीतून अर्धवट उठते.

“मी कुठं असतो ते राहू दे. तू कुठं होतीस ते सांग.”

सर उठून चालायला लागतात. ती मागोमाग निघते. व्हरांड्यात नोटीसबोर्ड आहे, पाण्याचा कूलर आहे आणि फरशीवर घोट्याएवढा चिखल आहे. तिची चप्पल रुतून बसते. ती वाकून ओढते, आणि मान वर करते तर सभागृहात उभी असते, हातात माइक, पायाखाली तोच चिखल. खुर्च्यांवर दप्तरं मांडीवर घेतलेल्या मुली बसल्यात. कुणी कुजबुजत नाही, त्याचीच तिला भीती वाटते.

पुढच्या रांगेतली एक उठते. “ताई, तुमी आमच्याकडं कवा आला हुता?”

“माहिती... खालच्या गावात मिळाली.”

“खालच्या गावात आमी ऱ्हात न्हाई.” मुलगी शांतपणे बोलते. “माझा बा मला आडवतो, आसं कुणी सांगितलं?”

दुसरी उठते, मग तिसरी. शाल्मली माइकमध्ये बोलू बघते; आवाज फुटत नाही. तिला लाज वाटते, नुसती लाज. ती सरांकडे वळते. “सर, तुम्ही सांगा ना काहीतरी.”

“मी मेलोय, केंजळे. आता तूच बोलायचं.” सर डबी हलवतात, उघडत मात्र नाहीत. “का नाही गेलीस?”

“रस्ताच नव्हता, सर. गाडी रुतली.”

“मग तेच आढळलं की तुला.”

मुली अजून उभ्याच आहेत. डबीचं झाकण निघतं. सर तिच्या तळहातावर लवंग ठेवतात. त्यांची बोटं गार आहेत. ती लवंग गालात धरते आणि ती झोंबते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“शाल्मली, ऊठ. साहेब लोक आले.”

दारात निहाल मुल्ला उभा आहे, तिच्याच गटातला. ती डोळे पुसते, ते झोकदार वाक्य खोडते आणि नवं लिहायला लागते. निहाल तिच्या खांद्यावरून वाचतो. ‘जांभळमाळला आम्ही पोचलो नाही. आमची गाडी रस्त्यात रुतली. तिथल्या मुलींनाही तीच वाट आहे. त्यांच्याशी आम्ही बोललेलो नाही.’

“अगं, हे असं दाखवणार? सगळ्या गटांमधला आपला पहिला नंबर गेला म्हणून समज.”

“जाऊ दे.”

“आपलं हसू होईल.”

“होऊ दे, निहाल. आपण गेलो नव्हतो.”

तो नाक वर करून हुंगतो. “लवंग खातेयस? सर गेल्यापासून इथं कुणी आणत नाही.”

शाल्मलीचे हात थांबतात. गाल झोंबतोय. ती तोंडात बोट घालते आणि जे हाती लागतं ते तळहातावर काढते. ओली लवंग, डोक्यावरचं फूलसुद्धा शाबूत. दोघं बघत राहतात. बाहेरून कुणीतरी त्यांच्या गटाचं नाव पुकारतं.

ती लवंग पुन्हा गालात धरते. चावत नाही.