अर्ध्या लिटरवर काढलेले दिवस

“खडा नळीत अडकलाय,” सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले. “आठ मिलिमीटर. उजव्या किडनीला सूज आहे.” या सुजेला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. लघवी खाली उतरू शकली नाही की किडनी फुगते. मला मात्र आधी रागच आला. इतकी काळजी घेऊनही मलाच?

काळजी कसली, ते सांगते. मी सफाळ्याची, लग्न होऊन बोईसरला आले. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी. पातेल्यांवर पांढरे थर, डाळ शिजता शिजत नाही. असल्या जड पाण्याने मुतखडा होतो, असं जो तो सांगायचा. म्हणून मी प्यायला विकतच्या पाण्याचा जार लावला. तो तीन जिने चढवायचा, त्यामुळे पुरवून पुरवून प्यायचे. मी कामाला जाते त्या कारखान्यातल्या टाकीच्या पाण्याला तर मी शिवतही नव्हते. पॅकिंगमध्ये उकाड्यात आठ तास, आणि सोबत घरून नेलेली अर्ध्या लिटरची बाटली.

कमरेत कळा येऊ लागल्या, लघवी लालसर झाली, तरी मी महिना काढला. घरी येणारा प्रत्येक जण डॉक्टर. कुणी पानफुटीची पानं आणली, कुणी कुळथाचं पाणी पाजलं, एकाने तर बिअर सुचवली. चिंचणीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “आमी जलमभर विहिरीचाच पानी पिलो, आमाला काय झाला नाय. तुजेच नखरे.” दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आणि आता पालघरच्या या दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, “दिवसाला पाणी किती पिता?”

“कामावर एक बाटली. पण जारचं,” मी ठसक्यात सांगितलं आणि पर्समधून बाटली काढून दाखवली.

त्यांनी बाटलीवर बोट ठेवलं. “अहो, जड पाण्यापेक्षा कमी पाणी जास्त नडतं. लघवी दाट होते, तिच्यातले क्षार साचतात. सूज अशीच राहिली तर ही किडनी कायमची जाईल.”

दोन आठवडे औषधं घेतली. लघवी गाळून बघायची, खडा पडला का म्हणून. नाही पडला. मग युरेटेरोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खडा फोडतात. नंतर आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी ठेवतात. तिने दर वीस मिनिटांनी लघवीची घाई होते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चिडून मी रडायचे. तेव्हा सासूबाईच तांब्या घेऊन समोर उभ्या राहायच्या. “पी आदी. मंग रड.” त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

स्टेंट निघाला. परवाच्या सोनोग्राफीत सूज दिसली नाही. बोअरचं पाणी तपासून घ्या म्हणून सोसायटीच्या मागे लागलेय, अजून कुणी हललेलं नाही. कामावर आता दोन मोठ्या बाटल्या नेते.

काल बाथरूमकडे निघाले तर सुपरवायझर म्हणाला, “कितनी बार जाओगी, बहनजी?”

“जितनी बार लगेगी,” मी म्हटलं आणि गेले.

पाणी वाईट आहे, यावर मी अजूनही भांडेन. पण त्या रागात तहान मारत राहिले ती मीच. हे कबूल करायला मला एक किडनी पणाला लावावी लागली.