गंधार हरवला तेव्हा

सत्तरच्या दशकात ह्यांची बदली चंदीगडला झाली आणि मी तिथल्या गणेशोत्सवाची गायिका झाले. मराठी घरं मोजकी, त्यात तंबोरा घेऊन आलेली मी एकटीच. स्पर्धा नव्हती, डौल मात्र भरपूर! मांडवात ऐटीत सांगितलं, "भोंगा माझ्याकडे फिरवा. मला माझा आवाज ऐकू यायला हवा." उत्सवभर तो डाव्या कानाशी केकाटत राहिला.

विसर्जनानंतर कानात एक बारीक सूर सुरू झाला. थांबेचना. शहाणी बाई घाबरली असती. मी पद्मासन घातलं.

"अहो, योग्यांना ऐकू येतो ना, तो अनाहत नाद मला ऐकू येतोय."

"आधी कुकर उतरव," हे म्हणाले. "केव्हाच्या शिट्ट्या होतायत."

मला एकही ऐकू आली नव्हती. तरी भक्तिभाव ढळला नाही. मग तंबोरा लावायला बसले. सा आणि पंचमाच्या तारा नेमक्या जुळल्या, की त्यांतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. तो ऐकू यावा म्हणून गुरुजींनी मला महिनोन्‌महिने नुसतं बसवलं होतं. त्या दिवशी तारा जुळल्या, गंधार येईना. पुन्हा लावल्या. नाहीच. माझ्यातल्या योगिनीबाईंना रडू फुटलं.

इस्पितळात नागपूरकडच्या डॉक्टरीणबाई होत्या. जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. मी प्रत्येक सूर ओळखून गाऊ लागले. दार उघडलं.

"काय गाऊन राहिल्या जी तुम्ही? परीक्षा कानाची आहे. बटण दाबा ना!"

दाबत गेले. सूर बारीक होत होत संपले, आणि मागे जी शांतता उरली तिने अंगावर काटा आला. पंखा नाही, रस्ता नाही. फक्त खोल कुठेतरी धप, धप. माझंच रक्त! एवढं ऐकणारं काहीतरी जन्मापासून माझ्या आत होतं आणि मी त्याच्यावर भोंगा रोखला होता.

"आत बारीक बारीक केसांच्या पेशी असतात," बाई म्हणाल्या. "इकडच्या गव्हासारख्या डुलतात. तुमच्या आडव्या झाल्यात. उठतील बहुतेक. पण पुन्हा असं झोडपलं तर नाही उठायच्या, अन् नव्या उगवत नाहीत."

घरात रेडिओ बंद झाला. शेजारीणबाईंना हे दारातच विनवायचे, "बहनजी, जरा धीरे." त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "मैं ते हौली ही बोलदी हां, जी!" हळूच बोलतात म्हणे!

एका दुपारी तंबोरा मांडीवर घेतला. हे समोर पेपर वाचत होते. सुरांतलं ह्यांना ओ की ठो कळत नसे. तारांवरून बोटं फिरत राहिली, आणि भोपळ्याच्या तळातून तो वर आला. आधी उजव्या कानात. मग अगदी पुसट, डाव्यातही.

"आला?" ह्यांनी ओठांनीच विचारलं.

मी मान हलवली. ह्यांनी हातातलं पान उलटलंच नाही. कागद वाजला असता.