बाकावरचा हिना
हिना अत्तराचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला रिसोडचा एसटी स्टँड आठवतो. हेरखात्यातून निवृत्त झालेल्या बाबांना भेटायला जुना साथीदार येणार होता. सीमेपलीकडे दोघांनी अत्तरवाले बनून वर्षं काढली होती. घरी आई पुरण वाटत होती, आणि मी बाबांसोबत स्टँडवरच्या बाकावर त्याची वाट पाहत बसले होते. गाडीतून उतरलेला एक म्हातारा आमच्याच बाकावर टेकला, हिना दरवळला, आणि बऱ्याच वेळाने तो परतीच्या गाडीत चढला. "तुमचे दोस्त आलेच नाहीत," मी म्हणाले. "बाजूलेच तर बसला होता. चारचौघात ओळख दाखवायची नाही, खुणेची वाट पाहायची, हे अंगातच भिनलं. तो माही वाट पाहत राह्यला, मी त्याची." "मग हाक काहून नाही मारली?" "कोणत्या नावानं मारू? त्याचं खरं नाव मले कुठं माहीत हाय, बाई!" अजूनही तो वास आला की मी चटकन मागे वळते, आणि हाक मारायला माझ्याकडेही नाव नसतं.