उपाशी गटाची भाकरी

सोमवारी मामांना कामावरून काढलं. तक्रार मी केली होती.

लातूरजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात ते डुकरांच्या गोठ्यावर रोजंदारीवर होते. कंधारकडचे; केंद्रात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. गोठ्यात शिरण्याआधी चपला बाहेर काढायचे, दोनदा खाकरायचे आणि मगच कडी उघडायचे. अचानक कुणी आत आलं की डुकरीण दचकते, आणि भ्यालेलं पोट गर्भ धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. नुकत्याच फळलेल्या, म्हणजे गाभण राहिलेल्या डुकरिणींना ते ‘नव्या नवऱ्या’ म्हणायचे. कुणी दार आपटलं की सुनवायचे, "लग्नघर हाय हे. वऱ्हाडी हायस का दरोडेखोर?"

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. त्याला ठाऊक असतं तेच आपण पुढे उपकरणांनी मोजत बसतो.

माझा विषय तोच होता. आईच्या शरीरावर ताण आला की रक्तात एक संप्रेरक वाढतं. अगदी सुरुवातीच्या गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, ते पाहायचं होतं. त्यासाठी सहा डुकरिणींना फळल्यानंतर दोन दिवस उपाशी ठेवायचं, रक्त घ्यायचं, आणि काही दिवसांनी त्या कापून गर्भ मोजायचे. रक्त घेताना मामा त्यांना धरायचे, कानामागे खाजवायचे. मला म्हणायचे, "रगतात काय हुडकून राहिलाव ताई, तिच्या डोळ्यांत बघा की."

सहाही कापल्या. संप्रेरक वाढलेलंच नव्हतं. गर्भ तुलनेसाठी पोटभर खाऊ घातलेल्या गटाइतकेच निघाले. दोन वर्षांची तयारी होती. मला काही कळेना. मग गव्हाणीच्या फटीत ज्वारीच्या भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले.

विचारलं तेव्हा मामांनी काहीच लपवलं नाही. घरून डब्यात आणत होते.

"कापणार आहोत हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हाव. कापायचं तर कापा, ताई. पर पोटुशीला भुकी ठिवू नगा."

मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. मामा चपला घालून फाटकाबाहेर गेले.

त्यांनी दिलेल्या भाकरीमुळे त्या सहाजणी फुकट मेल्या होत्या, आणि आता आणखी सहा लागणार होत्या. हे त्यांना ऐकवायचं मी ठरवलं होतं. रागात ठरवलं होतं. पण तीन महिन्यांनी ते गेल्याची बातमीच आली.

मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोने, मावशींनी, चहा ठेवला. मामा माझ्याबद्दल काही बोलत होते का, असं मी विचारलं.

"कुनाबद्दलच न्हाई," त्या म्हणाल्या. "आल्यापास्नं बोलनंच सोडलं व्हतं. भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायचे."

मी चहा प्यायले आणि परत आले.

दुसऱ्या फेरीत गोठ्याची किल्ली मी स्वतःकडे ठेवली. दोन दिवस नव्या सहा डुकरिणी ओरडत होत्या. संप्रेरक वाढलं, गर्भ कमी निघाले. मला पदवी मिळाली. केंद्रातला डुकरांचा गोठा पुढे बंद झाला.

प्रबंधात मामांबद्दल एक वाक्य आहे: कर्मचाऱ्याच्या हस्तक्षेपामुळे पहिल्या फेरीतल्या नोंदी वगळल्या आहेत. त्यात त्यांचं नाव नाही. ते वाक्य मी लिहिलं आहे.