अक्काने मारलेली गाठ

दुपारी जेवून दिगंबर आठल्ये हर्णैच्या लॉजवर जरा आडवे होतात. पंखा कुरकुरतोय, बंदरावरून सुक्या मासळीचा वास येतोय. उशाशी घडी घातलेला रुमाल आणि अक्काचा कॅमेरा आहे.

सारा जन्म वाचनालयात गेलेल्या या माणसाला थोरली बहीण दरवर्षी ओढून प्रवासाला न्यायची. लग्न दोघांचंही नाही. ती गेल्यावर यंदा ते पहिल्यांदाच एकटे निघालेत, आणि आल्यापासून नुसत्या पाट्यांचे फोटो काढताहेत. देवळाची पाटी, धक्क्याची, खानावळीची. अक्काचा मात्र एकही फोटो घरात नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. हल्ली तिचा चेहरा आठवायला गेलं की अर्धाच येतो. आपण तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नसावं, या धास्तीतच त्यांच्या पापण्या मिटतात.

"सरक," अक्का म्हणते.

ती खाटेच्या कडेला पाठमोरी बसली आहे.

"काय काढलंस?"

"पाट्या."

"वाचायला आलायस की बघायला, दिगू?"

ते ओशाळतात. ती उठून चालू लागते, ते मागे. दारापलीकडे जिना नाही, वाचनालयाची कपाटं आहेत आणि कपाटांमधून ओली वाळू. अक्का वाकून बघत चालते. होडीच्या दोरीवर कुणाचं तरी झबलं वाळतंय. फळीवर साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला दाबून चिकटवलाय.

"हे बघ. अजून बोटाचा ठसा आहे."

"मला नाही गं दिसत असलं काही. तूसुद्धा दिसेनाशी होत चाललीस."

अक्का थांबते, पण वळत नाही. दोघं आता एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली आहेत. एकही गाडी लागलेली नाही.

"माझ्या चष्म्याची काडी मोडली होती. कशाने बांधली होती?"

"हिरव्या दोऱ्याने."

"सगळी?"

"नाही. दोरा पुरला नाही. शेवटी थोडा पांढरा."

"आणि सुईत दोरा ओवताना?"

"जीभ दातांत धरायचीस. डावीकडे."

"मग मेल्या, ते बघायला डोळे काय शेजाऱ्याचे आणले होतेस?"

दिगंबर हसतात.

"उद्या हेही विसरलो तर?"

"रुमाल दे इकडे."

गॅस सांगायचा असो की दळण आणायचं, अक्का पदराला गाठ मारून ठेवायची. आता ती रुमालाच्या कोपऱ्याला मारते, घट्ट, टोक आत खोचून.

"कशासाठी मारली तेच आठवलं नाही तर?"

"तर बसून आठवायचं. तुला दुसरं काम काय आहे?"

एवढं बोलून ती वळते. हिरवा दोरा, पांढरा दोरा, आणि चष्म्यामागे अक्काचा सबंध चेहरा.

पंखा कुरकुरतोय. ऊन भिंतीवर चढलंय. दिगंबर उठून बसतात.

रुमाल उशीवर आहे. कोपऱ्याला गाठ, टोक आत खोचलेलं. ते आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघतात. या बोटांना हल्ली पायजम्याची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही.

ते गाठ सोडत नाहीत. रुमाल खिडकीच्या उजेडात ठेवतात, कॅमेऱ्याचं झाकण काढतात आणि वाकून बघू लागतात.