मी पुसलेले सात परिच्छेद

गेली अठरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या एका सभागृहाच्या मागच्या खोलीत जमतो. सगळे इथलेच मराठी, साठी ओलांडलेले, बहुतेक सरकारी नोकरीतून निवृत्त. वकील मी एकटाच, त्यामुळे बोलतोही मीच. पहिल्या पंधरा मिनिटांत चहा संपतो आणि पुढचा दीड तास हा संपत नाही, असं आमच्यातले एक निवृत्त न्यायाधीश म्हणतात. ते चिडवायला म्हणतात, पण त्यात खोटं काही नाही.

माझा विषय ठरलेला: सरकार. तीस वर्षं मी उच्च न्यायालयात सरकारी नोटिशींविरुद्ध भांडलो. रस्ता रुंद करायचा म्हणून कुणाची ओसरी पाडायची, कुणाच्या दुकानाला टाळं ठोकायचं, कुणाची इडलीची बंडी चाकांसकट उचलून न्यायची, हे सगळं मी फार जवळून पाहिलं. त्यातून माझं मत पक्कं होत गेलं की सरकार लहान असावं. रस्ते करा, चोर पकडा, भांडणं सोडवा, बाकीचं आमचं आम्ही बघतो. सरकार दारात आलं की आधी त्याच्याकडे कागद मागायचा, मग आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मंडळी माझ्याबरोबर म्हणतात.

अमेरिका हे माझं लाडकं उदाहरण. सरकारचे हात बांधण्यासाठीच ज्याने राज्यघटना लिहिली असा देश, असं मी सांगायचो. अलीकडे मात्र मी त्याच देशावर तोंडसुख घेत होतो. एका सहीनिशी हुकूम निघतात, एका सहीने आयातीवर कर बसतो, सरकारची तोंड झाकलेली माणसं गाडीतून उतरतात आणि कुणालातरी उचलून नेतात. मला त्याहून जास्त राग होता तो कालपर्यंत सरकारच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांचा. आपला माणूस खुर्चीत बसल्याबरोबर त्यांची वाचाच बसली. आणि दुसऱ्या बाजूचे तरी कुठले सोवळे? त्यांच्या काळात हुकूम निघत होते तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. एकाच माळेचे मणी. भित्रे आहेत सगळे, असं मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो. मला ते चांगलं आठवतं, कारण त्याच आठवड्यात माझी मुलगी आली.

ती चौतीस वर्षांची आहे, एकुलती. अकरा वर्षं तिकडे अमेरिकेत आहे. पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा होता म्हणून पंधरा दिवसांसाठी आली आणि अडकली, कारण वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. कंपनीने कळवलं की महिनाअखेरपर्यंत या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देऊ. तिकडे तिचं घर, तिची गाडी, सोफ्यावर झोपणारं मांजर. शिक्का मिळाला नाही तर ते सगळं इथे बसून फोनवरून आवरावं लागणार होतं. ती तसं बोलून दाखवत नव्हती, पण दिवसातून चार वेळा ईमेल उघडून बघत होती.

आमच्या घरात अर्ज मी भरतो. मुलीचा दहावीचा, कॉलेजचा, पहिल्या पासपोर्टचा, सगळे मीच भरलेत. ती एवढी मोठी झाली तरी अर्ज माझ्याकडेच येतो. आणि माझ्या कपाटात एक निळी डायरी आहे, तिच्यात घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले आहेत. बायकोच्या बँकेचा, गॅसचा, मुलीच्या सगळ्या खात्यांचा. परदेशी जाताना तिनेच बसून लिहून दिले होते, हरवायला नकोत म्हणून, आणि नंतर कधी बदलले नाहीत. नागरिकाच्या खाजगी आयुष्यावर तास तास बोलणाऱ्या माणसाच्या कपाटात ही डायरी होती, याचं मला कधी काही वाटलं नाही.

अर्जात विचारलं होतं की समाजमाध्यमांवर तुमची खाती कोणती. मी लिहिली. ती सगळ्यांना बघता येतील अशी उघडी ठेवायची होती. तेव्हा मुलगी म्हणाली की त्यातल्या एकावर तिने मोठं काहीतरी लिहिलंय, ते वाचा, आणि ते ती तसंच ठेवणार आहे.

मी वाचलं. सात परिच्छेद होते. तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. नवरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, बायको, दोन लहान मुली. एका सकाळी तोंड झाकलेली माणसं त्याला न्यायला आली. आवाजाने माझी मुलगी जिन्यात आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून तिने विचारलं, कागद दाखवा. त्यांनी दाखवला नाही. तिला बाजूला सारून ते त्याला घेऊन गेले. हे सगळं तिने लिहिलं होतं, वेळेसकट, गाडीच्या रंगासकट, आणि त्या बायकोला विचारून लिहिलं होतं. खाली अनोळखी लोकांनी मदत देऊ करणारे निरोप ठेवले होते. शेवटच्या परिच्छेदात होतं की माझे वडील हैदराबादला वकील आहेत, दारात आलेल्या सरकारकडे कागद मागायचा हे मी त्यांच्याकडून शिकले.

वाचून माझे डोळे भरून आले. मी तिला म्हणालो, राहू दे, छान लिहिलंयस. ती म्हणाली, "उगाच परेशान होऊ नका बाबा. मुलाखतीत विचारलं तर सांगीन, मी लिहिलं आणि खरं लिहिलं."

पुढचे दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता दिलसुखनगरला गेलो. तिथे कोचिंग क्लासांच्या गर्दीत व्हिसाचे सल्ले देणाऱ्यांची दुकानं आहेत. एकाच्या दुकानात शिरलो. माझ्याच वयाचा माणूस, समोर फायलींचा ढीग. मी म्हटलं, एका मित्राच्या मुलीचं असं असं आहे. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मित्राची मुलगी नाही हे त्याला कळलं असावं.

"वो लोगां देखते कि नईं देखते, अपने को क्या मालूम साब," तो म्हणाला. "नक्को रखो. साफ कर डालो."

याच सल्ल्याला मी इतकी वर्षं भित्रेपणा म्हणत आलो होतो. तरी त्या माणसाचे मी दोनदा आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मुलगी सिकंदराबादला मावशीकडे गेली. मी निळी डायरी काढली आणि संगणकासमोर बसलो. बायकोने विचारलं काय करताय, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, आधी तिला विचारा. मी म्हटलं, विचारलं तर ती नाही म्हणेल. आपण काय बोललो हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. नोटीस न देता घर पाडणाऱ्या अधिकाऱ्यांना मी कोर्टात उभं करून हेच ऐकवायचो, की विचारलं तर तो नाही म्हणेल हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही विचारलं नाही.

पुसायला दोन क्षण लागले. यंत्राने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. त्याबरोबर लोकांचे निरोपही गेले. माझं त्यात एक वाक्य होतं, तेही गेलं. मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण अगदी खरं सांगायचं तर त्या रात्री मी शांत झोपलो.

मुलीला हे कळायचं कारण नव्हतं. विमानतळावर फोन उघडायला लावतात असं ऐकून तिने येतानाच फोनमधून समाजमाध्यमांची सगळी ॲप काढून टाकली होती. मुलाखतीला ती ताठ मानेने गेली. खिडकीपलीकडच्या माणसाने दोन प्रश्न विचारले, कुठे काम करता आणि किती वर्षं. आठवड्याने पासपोर्ट शिक्क्यासकट घरी आला. तिने आईला मिठी मारली आणि मग माझ्याकडे वळली.

"बघा बाबा," ती म्हणाली, "लिहिलेलं तसंच होतं, तरी दिला. अजून तिथे बोलता येतं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. घरात तिघंच होतो. मी म्हटलं, शनिवारी चल, मंडळींना आनंद होईल. ते तोंडातून कसं गेलं ते मला अजून कळत नाही. तिच्या आनंदात माझाही मोठेपणा मिरवून घ्यायची हाव असणार, दुसरं काय!

शनिवारी तिने सगळं सांगितलं. जिना, ती माणसं, कागद. मंडळी चहा विसरून ऐकत होती. मजकूर तसाच ठेवून मुलाखतीला गेले, असं ती म्हणाली तेव्हा टाळ्या वाजल्या. दोघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. न्यायाधीश म्हणाले, आम्हाला वाचून दाखव की. तिने फोनवर खातं पुन्हा उघडलं. तिचं बोट वर-खाली फिरत राहिलं. मग थांबलं. पासवर्ड तिच्याखेरीज फक्त माझ्या डायरीत होता.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मी समोरच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, काय झालं, सापडत नाही का?

"नाही," ती म्हणाली. "मीच काढलं होतं. मुलाखतीच्या आधी घाबरले. आत्ता तुमच्यासमोर उगाच मोठेपणा केला."

तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती खुर्चीच्या कडेला बसली होती. न्यायाधीशांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी फार मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बेटा, एकदा बाबांना विचारायचं होतंस. त्यांनी काढू दिलं नसतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलावं अशी ती वेळ होती, आणि मी बोललो.

"असू दे," मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो. "घाबरतो माणूस कधीकधी."