खाडीच्या तोंडाशी आमचे नाना

माणूस चुकला की एक किस्सा होतो. आमचे नाना कुणाचं ऐकतच नाहीत, म्हणून माझ्याकडे ढीग साचलाय! नाना म्हणजे माझे चुलते, दोंडाईच्याचे, गाळ काढायचे ठेकेदार. मी डिप्लोमा सोडला तेव्हा "जरा वळण लागेल" म्हणून घरच्यांनी त्यांच्यासोबत कोकणात धाडलं.

काम काय, तर खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूच्या टेकड्या उठतात, त्यावर होड्या आपटतात, ती वाट मोकळी करायची. तिथल्या काशिनाथची होडी तिथेच उलटली होती. भाऊ वाचला, पाय गेला. काशिनाथचं मागणं एकच, वाट द्या.

*

काढलेली वाळू नानांनी तोंडाच्या जरा बाहेर, समुद्राच्या बाजूला टाकायला लावली. आमच्याकडे पांझरा नदीत गाळ खालच्या अंगाला टाकतात, पाणी घेऊन जातं, तसंच इथे. म्हटलं, नाना, भरतीला पाणी उलटं आत येतं, वाळू परत आणेल.

"पानी खालेच जास. माले शिकाडू नको."

*

पाण्याचा वेग मोजायचं मशीन होतं. नाना ते फक्त ओहोटीला लावायचे. भरती सुरू झाली की, पाणी बिघडलं, आता जेवून घ्या! भरतीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून आमचं जेवणही सरकायचं. कधी सकाळी आठला कळण्याची भाकरी, कधी दुपारी चारला. असं का, हे एकाही शहाण्या माणसाने विचारलं नाही. रिपोर्ट मात्र झकास : पाणी सदैव समुद्राकडे.

*

मग तळाचा आलेख निघाला. प्रत्येक टेकडीची समुद्राकडची बाजू लांब, सपाट. गावाकडची एकदम उभी. वाळू जिकडे सरकते तिकडची बाजू उभी होते. म्हणजे इथे भरतीचा जोर जास्त आणि अख्ख्या टेकड्या आत चाललेल्या.

नानांनी कागद घेतला आणि उलटा फिरवला. टेकड्या छताला लटकल्या.

"आते देख. समुद्राकडेच चालन्यात ना?"

*

शेवटी काम तपासायला आलेल्या सरकारी साहेबांसमोर बोललो. सगळं, आलेखासकट. नाना हसले. "डिप्लोमा सोडेल पोरगं शे, साहेब." साहेबही हसले. विषय संपला! आईला फोन केला तर म्हणे, मोठ्यांच्या तोंडी लागू नये. काशिनाथच्या भावाने कुणाच्या तोंडी लागायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

*

वाट खुली झाल्याचा नारळ फुटला. ओहोटी होती. काशिनाथच्या होडीला हार, पुढे नाना उभे, मागे काशिनाथचा भाऊ कुबडी धरून. मी काठावर. बरोबर तोंडाशी होडी खरखरली आणि बसली. काशिनाथने इंजिन बंद केलं. नानांकडे बघितलं.

नाना रुबाबात खाली उतरले. भर खाडीत गुडघाभर पाणी! ढकला म्हणाले. कुणी हललं नाही. तेवढ्यात समुद्राकडून पाणी आत यायला लागलं. मांडीपर्यंत आलं. कमरेला लागलं.

माझा फोन वाजला.

"पानी वाढी राह्यनं रे! इचार बरं, कोनतं धरन सोडं?"